कुर्तुब्यातला सजदा

दाभोळच्या माणसाला पश्चिम कुणी शिकवत नाही. खाडी जिकडं समुद्राला मिळते ती पश्चिम, दिवस जिकडं बुडतो ती पश्चिम, आणि नमाजाला उभं राहिलं की तोंडही तिकडंच. मसूदाला तिच्या बापानं लहानपणी एवढंच सांगितलं होतं, दर्याकडं तोंड कर आणि पढ. मक्का नेमकी कुठं, किती लांब, मध्ये कुणाकुणाचे मुलूख, असल्या चौकशा तिथं कुणी करत नसे. नमाजात मक्केकडं तोंड करायचं, त्या दिशेला किब्ला म्हणतात, आणि तो किब्ला दर्यावर आहे, एवढं ज्ञान दाभोळला पिढ्यानपिढ्या पुरलं होतं.

१९७४ साली मसूदा बहारीनला आली तेव्हा हे ज्ञान तिच्या पत्र्याच्या पेटीबरोबर आलं आणि तिथंही चाललं, कारण बहारीनमध्येही सूर्य मक्केच्या अंगालाच बुडतो. ती काही हौसेनं आली नव्हती. नवरा, उस्मान, बहारीनमधल्याच सित्र्याला फिटर. दोन वर्षांतून एकदा गावी यायचा, महिनाभर राहायचा आणि परत जाताना पाहुण्यासारखा सगळ्यांचा निरोप घेत फिरायचा. असला संसार तिला नको होता. मनाम्यातल्या एका नातेवाइकाला गळ घालून तिनं मुहर्रकच्या एका व्यापाऱ्याच्या घरी कामाचा व्हिसा मिळवला आणि भावकीनं नाकं मुरडली तरी विमानात बसली. मग दर शुक्रवारी उस्मान सित्र्याहून कंपनीच्या बसनं यायचा. दोघं बंदरावर बसून चहा प्यायची, थोडं भांडायची, आणि दिवस कलला की तो परत जायचा. लोकांचे संसार चोवीस तास चालतात, हिचा शुक्रवारी चालायचा. पण तो होता, आणि तो जाईल हा विचारही तिला सोसत नसे.

तो शुक्रवार राशिदच्या हातात होता. राशिद म्हणजे घरचा मालक. नोकरांनी मालकाला बाबा म्हणायचं आणि मालकिणीला मामा, असा तिकडचा रिवाज. राशिद मसूदाहून चांगला चार-पाच वर्षांनी लहान, तरी तो बाबा आणि ही थोरली बाई त्याची पोर. तिचा पासपोर्ट ती उतरली त्या दिवशी त्याच्या कपाटात गेला तो गेलाच. हाही रिवाजच. राशिद माणूस वाईट नव्हता. वेळेवर पगार द्यायचा, आवाज चढवायचा नाही. पण त्याला चारचौघांत शोभा झालेली खपत नसे, आणि अशी माणसं एखाद्या वेळी वाईट माणसापेक्षा कठीण जातात.

मसूदाचं खरं काम होतं राशिदच्या आईकडं. तिला ती युम्मा म्हणायची, आई. म्हातारी मोठी तिखट. काचबिंदूनं तिची नजर हळूहळू जात चालली होती आणि ती त्याबद्दल डॉक्टरांनाच शिव्या घालायची. पुढं पुढं तिला नमाजाची चटई, म्हणजे मुसल्ला, कुठं अंथरलाय तेही दिसेना. मग दिवसातून पाच वेळा मसूदानं मुसल्ला अंथरायचा, तिला त्यावर उभं करायचं, मागून दोन्ही खांदे धरायचे आणि किब्ल्याकडं वळवायचं.

"बरोबर?" म्हातारी विचारायची.

"बरोबर, युम्मा."

एवढं ऐकल्याशिवाय ती हात बांधायची नाही. राशिदची बायको किंवा नातवंडं कधी वळवायला आली तर ती त्यांना झिडकारायची. वर्षानुवर्षं हे असं चाललं आणि मसूदाला त्यात काही विशेष वाटेनासं झालं.

८३ सालच्या मार्चमध्ये राशिदनं आईला डोळे दाखवायला बार्सेलोनाला न्यायचं ठरवलं. आईनं साफ सांगितलं, मसूदा येणार असेल तर मी येते. निघण्याआधीच्या शुक्रवारी उस्मान बंदरावर चहाचा ग्लास नुसता हातात फिरवत बसला होता.

"तू जातंस त जा," तो शेवटी म्हणाला. "पन बाबाच्या शबदाभायर जाव नको. तुजा विसा त्याच्या हातात हाय."

"मना काय म्हाईत नाय?" मसूदा म्हणाली. "मी काय पोर हाय?"

"पोर नाय म्हनून त सांगतंय."

बार्सेलोनाच्या डॉक्टरांनी आठवडाभर तपासलं. त्या दिवसांत म्हातारीच्या डोळ्यांत सारखे थेंब घातलेले, त्यामुळे हॉटेलच्या खोलीचे पडदे कायम ओढलेले असत. राशिदनं पहिल्याच दिवशी एका भिंतीकडं बोट दाखवून किब्ला सांगून टाकला होता आणि मसूदा त्या भिंतीकडं वळवत राहिली. बाहेर सूर्य कुठून उगवतो नि कुठं बुडतो, हे बघायचं तिला काही कारण पडलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर आता येणार नाही. राशिद खाली मान घालून बसला. म्हातारी मात्र रडलीबिडली नाही. तिनं विचारलं, "इथून कुर्तुबा किती लांब?"

कुर्तुबा म्हणजे स्पेनमधलं कोर्दोबा. म्हातारीचा नवरा वाचनवेडा होता. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर निजायचे तेव्हा तो बायकोला कुर्तुब्याच्या मशिदीबद्दल सांगायचा, की आत खजुराच्या बागेसारखे खांबच खांब आहेत, आणि आपण दोघं एकदा तिथं जाऊन कपाळ टेकू. पुढं तो गेला आणि ते राहून गेलं. आता डोळ्यांचंही आटोपल्यावर म्हातारीला तेवढंच एक हवं होतं. आईचं दुसरं काहीच करता न आलेल्या मुलानं लगेच दोन दिवसांचा बेत ठरवला.

आगगाडीत बसल्यावर त्यानं खरी गोष्ट सांगितली. त्या मशिदीचं कित्येक शतकांपूर्वी चर्च झालेलं आहे. बघायला सगळ्यांना मोकळीक आहे, पण आत नमाज पढायला परवानगी नाही. रखवालदार फिरत असतात, कुणी तसं काही करायला लागलं की उठवतात.

"आपण बघू, बसू आणि निघू," राशिद म्हणाला. "मला तमाशा नकोय, आई."

म्हातारीनं हूं की चूं केलं नाही. ते तिचं गप्प बसणं राशिदलाही ओळखीचं असावं, कारण तो मसूदाकडं वळला. "तिला आवरणं तुझं काम. तिनं तिथं नमाज पढली तर बहारीनला उतरल्या उतरल्या तुझा व्हिसा कॅन्सल. खलास." आणि त्यानं मांडीवरची ब्रीफकेस थोपटली. तिघांचे पासपोर्ट तिच्यातच होते.

रात्री हॉटेलात पोचल्यावर राशिदनं पुन्हा एक भिंत दाखवून ठेवली, आणि पडदे इथंही ओढलेलेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाव बघायला निघाले. मसूदानं म्हातारीचा हात धरला होता आणि दिसेल ते ती आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगत होती. पांढऱ्या भिंती आहेत, युम्मा. भिंतींवर निळ्या कुंड्या टांगल्यात, फुलं तांबडी. पूल मोठा आहे, खाली नदी आहे, पाणी आमच्या खाडीसारखं गढूळ. रस्त्यावर नारिंगांची झाडं आहेत, फळं लगडलीत आणि कुणी तोडत नाही, काय माणसं आहेत बघा. म्हातारी हसत होती, नारिंगाच्या मोहराचा वास घेत होती. राशिदनं दोघींचा पुलावर फोटो काढला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की काय मजेत चाललंय यांचं. मसूदाची नजर मात्र पुन्हापुन्हा राशिदच्या ब्रीफकेसकडं जात होती.

दुपारी हॉटेलवर म्हातारीनं हातपाय धुवायला पाणी मागितलं. चूळ भरली, तोंड धुतलं, कोपरापर्यंत हात धुतले, डोक्यावरून ओला हात फिरवला. हे नुसतं हातपाय धुणं नव्हे, नमाजाआधीचा वजू होता हे मसूदाला कळलं, आणि आपल्याला कळलंय हे म्हातारीलाही कळलं.

मशिदीत शिरल्यावर बाहेरचं ऊन एकदम तुटलं. आत काळोख नव्हता, पण उजेडही मोजकाच. खांबच खांब, वर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, आणि कुठंही बघितलं तरी तेच. दाराच्या जवळच भिंतीला लागून एक बाक होता. राशिद त्यांना तिथं बसवतो न बसवतो तोच त्याला आठवलं की बहारीनला ऑफिसात फोन करायचा आहे, माल अडकलाय, आणि आत्ता नाही केला तर ऑफिस बंद होईल.

"मी येतोच. मग आत नेतो, मेहराब दाखवतो. तोवर इथून हलू नका." मसूदाकडं बघून त्यानं एक बोट वर केलं. "काय सांगितलंय ते लक्षात आहे ना?"

"आहे, बाबा."

तो गेला. म्हातारीनं त्याची पावलं विरेपर्यंत कान दिला. मग ती हळूच म्हणाली, "आत्ता."

"युम्मा, नको. बाबानं सांगितलंय."

"उद्या सकाळची गाडी आहे. मी परत इथं येणार आहे का?"

"बसल्या बसल्या मनात पढा. कुणाला कळणार नाही."

"बसून पढेन. पण सजदा जमिनीवर. कपाळ टेकायला आलेय मी, मसूदा. त्याला सांगितलं होतं मी."

त्याला म्हणजे नवऱ्याला. मसूदाच्या डोळ्यांपुढं बंदर आलं, चहाचा ग्लास धरलेला उस्मान आला, ब्रीफकेस आली. चार खांबांपलीकडं एक रखवालदार हात मागं बांधून उभा होता. पिकल्या मिशांचा, पोट सुटलेला. नाही म्हणायचं, असं तिनं ठरवलं. ठरवलं आणि म्हातारीकडं बघितलं, तर म्हातारीच्या हातात नवऱ्याची तसबी होती, काळ्या मण्यांची जपमाळ, जी ती झोपेतसुद्धा सोडत नसे. मसूदा बघत असतानाच तिनं दोन्ही हातांनी हिसका देऊन ती तोडली.

मणी टपटप करत फरशीवर उडाले. जवळचे दोन-तीन प्रवासी वळले, हसले, आपल्या वाटेनं गेले. मसूदाला आधी धसका बसला आणि मग लख्ख उजेड पडला. सांडलेले मणी गोळा करायला बायका गुडघ्यांवर बसणारच, वाकणारच. आंधळी बाई तर नाक जमिनीला लावून शोधणार. त्यात कुणाला काय वावगं दिसणार? म्हातारीनं हे हॉटेलवरच ठरवलं असणार. रागही आला तिला आणि रडूही आलं.

"किब्ला?" म्हातारीनं विचारलं.

किब्ला दाखवणारा भिंतीतला कोनाडा, म्हणजे मेहराब, कुठं आहे ते मसूदाला माहीत नव्हतं, शोधायला वेळ नव्हता. रखवालदारानं मान वळवली होती. तिनं भिंतीकडं बघितलं. वरच्या जाळीतून कलत्या दुपारचं पिवळं ऊन तिरपं आत येत होतं. दिवस तिकडं उतरत होता, म्हणजे तिकडं पश्चिम. जन्मभर जे केलं तेच तिनं केलं. म्हातारीचे खांदे धरले आणि तिला त्या उन्हाकडं वळवलं.

"बरोबर?"

"बरोबर, युम्मा."

म्हातारीनं बाकावर बसून ओठांतल्या ओठांत पढायला घेतलं. मसूदा पायाशी मणी वेचत होती आणि एकही मणी तिच्या बोटांत ठरत नव्हता. मग म्हातारी खाली उतरली, एका हातानं फरशी चाचपली, आणि कपाळ टेकलं. बुटांचा आवाज जवळ यायला लागला. मसूदानं वर बघितलं नाही. बूट तिच्यापाशी येऊन थांबले.

रखवालदार काहीतरी बोलला. मसूदानं तळहातावरचे मणी पुढं केले, म्हातारीकडं बोट दाखवलं, स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवला. "नो आईज," ती म्हणाली. "शी, नो आईज." तो माणूस कण्हत गुडघ्यावर बसला आणि बाकाखालचे मणी काढायला लागला. म्हातारी सजद्यात तशीच होती. तिची पाठ हलत होती, ती रडत होती. रखवालदाराचा हात थांबला. तो तिच्याकडं बघत राहिला आणि मसूदा त्याच्याकडं. आता हा ओरडणार, चार लोक जमणार, तेवढ्यात बाबा येणार, हे सगळं तिला घडून गेल्यासारखं दिसलं. पण त्यानं मूठभर मणी तिच्या ओंजळीत घातले, बाकाला धरून उठला, आणि त्यांच्याकडं पाठ करून लोक येत होते त्या बाजूला तोंड करून उभा राहिला. त्याला काय कळलं, काय नाही, ते मसूदाला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

राशिद आला तेव्हा दोघी बाकावर बसल्या होत्या. म्हातारीच्या कपाळाला धूळ होती ती मसूदानं घाम पुसल्यासारखी ओढणीनं पुसली. तसबी तुटली, बाबा, एवढं ती म्हणाली. राशिदनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. फोनला फार वेळ गेला होता. रखवालदार सगळ्यांना बाहेर काढायला लागले होते, बंद व्हायची वेळ झाली होती. "मेहराब राहिलाच, आई," तो म्हणाला. "राहू दे," म्हातारी म्हणाली, आणि दारातून बाहेर पडताना तिनं मसूदाचा हात असा दाबला की मसूदाला वाटलं, सुटलो. युम्माचंही झालं आणि आपलाही शुक्रवार वाचला.

हॉटेलवर आता कुणीतरी खिडकीचे पडदे उघडले होते. कौलांवर सूर्य टेकला होता आणि सगळी खोली तांबडी झाली होती. संध्याकाळची नमाज जवळ आली म्हणून राशिदनं स्वतःच मुसल्ला अंथरला. खिडकीकडं पाठ येईल असा.

"बाबा, कालपासून आपण उलटाच घालतोय," मसूदा सवयीनं बोलून गेली. "सूर्य तिकडं बुडतोय."

"म्हणून तर. आपण केवढे लांब आलोय, मसूदा. मक्का मागं राहिली. इथून किब्ला पूर्वेला."

मसूदानं पुन्हा खिडकीकडं बघितलं. मग जाळीतलं ते पिवळं ऊन डोळ्यांपुढं आलं. युम्माची पाठ मक्केकडं होती. ज्या एका सजद्यासाठी म्हातारी एवढ्या लांब आली, नवऱ्याची तसबी तोडली, त्या सजद्यात आपण तिला पाठ करून वाकायला लावलं. तिनं कपाटाला हात टेकला. खुर्चीत बसलेल्या म्हातारीनं सगळं ऐकलं होतं. रुमालात बांधलेले मणी तिच्या मांडीवर होते आणि तिची बोटं थांबली होती.

"राशिद," ती म्हणाली, "एखाद्याला दिसत नाही. दुसऱ्यानं त्याला भलत्याच दिशेला वळवलं. त्याची नमाज होते?"

"होते. त्याचा काय दोष?" राशिद बोलला आणि मग त्यानं वर बघितलं. आईकडं बघितलं, मणी बघितले, कपाटाला धरून उभ्या असलेल्या मसूदाकडं बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"पढलीस तू तिथं," तो आईला म्हणाला.

"पढले."

"आणि हिनं वळवलं." त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच मसूदाला जास्त झोंबलं. "मी एक गोष्ट सांगितली होती, मसूदा. एकच. बहारीनला पोचलो की तुझं तिकीट काढतो."

मसूदा रडली नाही. तिकिटाचं तिला त्या क्षणी काहीच वाटत नव्हतं, आणि हे तिचं तिलाच नवल वाटलं. "काढा, बाबा," ती म्हणाली. मग म्हातारीच्या पायाशी बसली. "युम्मा, मी चुकले. मला वाटलं, सूर्य तिकडं..."

"काढ तिकीट," म्हातारी मुलाला म्हणाली. "आणि उद्यापासून मला रोज पाच वेळा कोण वळवणार? तू? तुला फोन असतात."

म्हातारी उठली, चाचपत मुसल्ल्यावर येऊन उभी राहिली, तोंड भलतीकडंच, न्हाणीघराच्या दाराकडं. राशिद तिला वळवायला पुढं झाला तशी तिनं त्याचा हात बाजूला सारला. ती कुणाला हाक मारत नव्हती, नुसती उभी होती. खोलीतला तांबडा उजेड उतरत चालला, नमाजाची वेळ टळायला आली, तरी ती हलेना. शेवटी राशिदनंच मसूदाकडं बघून मान हलवली.

मसूदा उठली. तिनं म्हातारीचे खांदे धरले. तिनं एकदा बुडत्या सूर्याकडं बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा जाणूनबुजून त्याच्याकडं पाठ करून कुणाला तरी उभं केलं.

"बरोबर?" म्हातारीनं विचारलं.

"बरोबर, युम्मा."

म्हातारीनं लगेच हात बांधले.

तिकीट निघालं नाही. राशिदनं तो विषय पुन्हा काढला नाही आणि पासपोर्टही कपाटातून बाहेर काढला नाही. शुक्रवारची बस येत राहिली, चहा आणि भांडणं चालू राहिली. उस्मानला तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मीय तसाच वलवलं असता." काळे मणी मसूदानं नव्या दोऱ्यात ओवून दिले. पण एक खोड तिला लागली ती लागली. मुहर्रकच्या घरात, जिथं तिला डोळे मिटूनसुद्धा दिशा कळायची, तिथंही ती मुसल्ला अंथरण्याआधी दाराशी जाऊन ऊन बघून यायची. घरातली पोरं हसायची.

८८ साली हिवाळ्यात म्हातारीला सलमानियाच्या हॉस्पिटलात ठेवलं. तिसऱ्या प्रहरी डॉक्टर म्हणाले, आता थोडाच वेळ. खोलीत नातलगांची दाटी झाली. माणूस जायला लागला की त्याला उजव्या कुशीवर किब्ल्याकडं वळवायचं असतं. राशिदचे दोघे चुलतभाऊ त्यासाठी पुढं सरसावले.

"थांबा," राशिद म्हणाला. "मसूदा कुठं आहे?"

ती बाहेर व्हरांड्यात उभी होती, नोकरमाणसं उभी राहतात तशी भिंतीला लागून. तिला आत बोलावलं. माणसांनी वाट करून दिली. राशिद म्हणाला, "तू वळव."

मसूदा पलंगाकडं गेली नाही. आधी खिडकीशी गेली आणि तिनं पडदा बाजूला केला. खाली गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या टपांवरून ऊन कलत होतं. तिनं ते नीट बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. कुणी घाई केली नाही. मग ती पलंगापाशी आली, म्हातारीचे दोन्ही खांदे धरले आणि तिला सावकाश वळवलं.

"बरोबर, युम्मा," ती म्हणाली. या वेळी म्हातारीनं विचारलं नव्हतं.